ट्रलीच्या पावसात भिंतीला पाणी

आमच्या घरात सर्वांत जास्त चर्चा कशावर झाली असेल, तर ती एका भिंतीच्या पाठीवर. मुलीचं नाव ठरवायलाही इतके दिवस लागले नव्हते.

भिंत होती घरामागे वाढवायच्या एका खोलीची. इथे आयर्लंडात, केरी परगण्यातल्या आमच्या ट्रलीच्या बाजूला अशी खोली बांधायची म्हणजे आधी लाकडाचा सांगाडा उभा करतात, त्याला बाहेरून मोठमोठे बोर्ड ठोकतात, बोर्डांवर एक चिवट कापड ताणतात आणि मग सगळ्यांत बाहेर देखणं आवरण चढवतात. जे बोर्ड पुढे जन्मभर कुणाच्या नजरेस पडणार नाहीत त्यांच्यासाठी माझ्या नवऱ्याने तुलनेचा तक्ता केला. तो सॉफ्टवेअरवाला आहे, त्याला तक्त्याशिवाय भाजीसुद्धा निवडता येत नाही. तीन आठवडे आम्ही रोज जेवताना तो तक्ता बघत होतो आणि आमटी गार होत होती.

खोली अण्णांसाठी होती. अण्णा म्हणजे माझे वडील. पाटबंधारे खात्यात उभी हयात गेली, आता कराडला एकटे राहतात. आई जाऊन सहा वर्षं झाली. आमच्या झोपायच्या खोल्या वर, माळ्यावर, आणि जिना असा उभा की अण्णांचे गुडघे खालच्या पायरीवरच नमस्कार करतात. म्हणून मागच्या खेपेला ते हॉलमधल्या सोफा-कम-बेडवर झोपले. रोज पहाटे कुणी उठायच्या आत ते अंथरुणाची घट्ट वळकटी करायचे, सोफा मिटायचे आणि त्यावर गुडघ्यांवर हात ठेवून बसायचे. एसटी स्टँडवर बसावं तसे. मी खाली आले की म्हणायचे, "झोप छान झाली बघ." नव्वद दिवस रोज. निघताना म्हणाले, आता परत काही येत नाही, तुमची अडचण होते.

मला त्याचा भयंकर राग आला होता. मी भूल देणारी डॉक्टर आहे. इथल्या इस्पितळात अनोळखी माणसांना मी दोन मिनिटांत गाढ झोपवते, आणि माझा स्वतःचा बाप माझ्या घरात निवांत लोळू शकत नाही. त्या दिवशीच मी ठरवलं की अण्णांना अशी खोली द्यायची, जिथे सकाळी अंथरूण आवरावं लागणार नाही. पुष्कळ विनवण्या करून त्यांना पुन्हा यायला राजी केलं. त्यांनी फोनवर बजावलं होतं, ही शेवटची खेप. म्हणजे माझ्या हातात त्यांच्या व्हिसाचे नव्वद दिवस होते. तेवढ्यात खोली झोपण्याजोगी झाली तरच ते पुन्हा येतील अशी आशा होती.

तर बोर्ड. आमच्या सुताराचं मत होतं की सगळे वापरतात तो वापरा, लाकडाच्या चपट्या ढलप्या दाबून केलेला. मी त्याचा तुकडा व्हिडिओ कॉलवर अण्णांना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि विचारलं, "ही भिंत हाय का चिक्की?" ज्या माणसाने कालव्यांची अस्तरं आणि धरणाचे सांडवे बघितले, त्याला लेक चिक्कीच्या खोलीत झोपवणार होती.

झालं. नवऱ्याचा तक्ता बाजूला राहिला. मी दुकानं पालथी घालून सिमेंट मिसळलेला करड्या रंगाचा बोर्ड शोधून काढला. महाग, वजनाला बैल, आणि कापताना सुताराची पाती बोथट करणारा. सुताराने दोनदा विचारलं, नक्की का? मी म्हटलं, नक्की. त्याने समजावून सांगितलं की बोर्डाला पाण्याचं फारसं काही नाही, पण सांध्यांतून आणि खालच्या कडेतून पाणी आत शिरलं तर मागचं लाकूड ते पिऊन घेतं, म्हणून कापड चढेपर्यंत भिंत झाकूनच ठेवायची. मी मान डोलावली. आणि अण्णांना फोन करून एकच वाक्य सांगितलं, "अण्णा, सिमेंटची भिंत आहे." हे खोटं नव्हतं. खरंही नव्हतं. पुढचं सगळं रामायण या एका वाक्यातून घडलं.

आमचा सुतार हा कारागीर म्हणून सोन्यासारखा माणूस. वयाने साठीकडचा, कमी बोलणारा, हात कसलेला. दोष एकच, तो नेहमी मंगळवारी येणार असतो. कधी येणार विचारलं की "ट्यूजडे" म्हणतो, आणि कुठला मंगळवार हे विचारणं इथे शिष्टाचाराला धरून नाही. बोर्ड आणून टाकले आणि तो तीन मंगळवार दिसला नाही. तेवढ्यात एका वादळात बोर्डांवरची ताडपत्री उडून शेजाऱ्याच्या कुरणात गेली. मी आणि नवरा नाइट ड्रेसवर गमबूट चढवून तिच्यामागे धावलो, तर गाई तिच्याभोवती गोल उभ्या राहून तिच्याकडे बघत होत्या. शेजाऱ्याने ती घडी घालून परत दिली आणि हवा ग्रँड, म्हणजे झकास, आहे म्हणाला. तेव्हा माझ्या केसांतून पाणी गळत होतं.

अण्णा आले तेव्हा बोर्ड ठोकून झाले होते. सुतार खिडक्या यायची वाट बघत पुन्हा अंतर्धान पावला होता आणि भिंतीवर वरपासून खालपर्यंत ताडपत्री होती. सामान खाली ठेवायच्या आधी अण्णा मागे गेले, ताडपत्री उचलून बोटाच्या पेराने भिंत वाजवली आणि मान हलवली. भिंत पास झाली. माझा जीव भांड्यात पडला. त्यांनी विचारलं, पाणी कोण मारतं हिला? मी ड्युटीवर निघाले होते. हसत म्हटलं, पाऊस आहे की अण्णा, आणि गाडीत बसले.

पुढच्या दिवसांत दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे अण्णा खुलले. मागच्या खेपेला दिवसभर खिडकीत बसणारा माणूस आता दोन भाकऱ्या खाऊ लागला, नातीच्या इंग्रजीला मराठीत उत्तरं देऊ लागला. वळकटी मात्र चालूच होती. दुसरी गोष्ट, आमच्या घरातले टॉवेल कमी व्हायला लागले. इथे गरम पाण्याच्या टाकीशेजारी एक कपाट असतं, त्याला हॉट प्रेस म्हणतात. टॉवेल तिथे ऊबेत ठेवतात. आधी दोन गेले, मग चार. मी नवऱ्यावर आळ घेतला. त्याने टॉवेलांचा तक्ता करायची तयारी दाखवली. मी त्याच्याशी एक दिवस बोलले नाही.

खिडक्या आल्या तसा सुतार उगवला. कापड ताणायच्या आधी त्याने खिशातून ओलावा मोजायचं यंत्र काढलं. छोटंसं, पुढे दोन टाचण्या असलेलं. आतल्या बाजूने लाकडाच्या पायथ्याशी टोचलं आणि आकडा बघून भुवया आक्रसल्या. एकोणतीस. वीसच्या खाली असल्याशिवाय भिंत बंद करता येत नाही, नाहीतर आत बुरशी धरते. त्याने पन्हळ तपासली, छप्पर तपासलं, सांध्यांवर पुन्हा पट्ट्या चिकटवल्या. आठवड्याने मोजलं तर बत्तीस. वरचं लाकूड कोरडं आणि खालचं भिजलेलं. तो त्या भिंतीपुढे डोकं खाजवत उभा राहिला. तीस वर्षांत असली गळती बघितली नाही म्हणाला.

माझं डोकं फिरलं. अण्णांचे तीस-पस्तीस दिवस संपले होते. मी सुताराला मोबाइलवर सात ओळींचा संदेश पाठवला, ज्यात "प्रोफेशनल" हा शब्द दोनदा होता आणि दोन्ही वेळा तो त्याच्यात नाही असं म्हटलं होतं. त्याचं उत्तर आलं, "ग्रँड." एवढंच, पुढे पूर्णविराम. इथे राहून मला इतकं कळायला लागलं आहे की अशा वेळी आलेला ग्रँड म्हणजे तोंडावर लावलेलं दार.

दोन दिवसांनी मी रात्रपाळी करून सकाळी घरी आले. भुरभुर चालू होती, इथे जिला पाऊस म्हणत नाहीत ती. गाडी लावून मी मागच्या दाराकडे वळले आणि थबकले.

अण्णा भिंतीपुढे उभे होते. डोक्यावर माकडटोपी, अंगात माझा जुना रेनकोट, डाव्या हातात उघडी छत्री. उजव्या हातात झाडांना घालायची झारी. ताडपत्री खालून उचलून त्यांनी दोन विटांनी अडकवून ठेवली होती आणि मोठ्या शिस्तीने, डावीकडून उजवीकडे, ते भिंतीला पाणी घालत होते. भिंतीच्या पायथ्याशी ओळीने काहीतरी खोचलं होतं. माझे टॉवेल. आपल्याकडे नव्या खांबाला ओलं गोणपाट गुंडाळतात तसे ते ओले करून नीट खोचले होते.

"अण्णा, काय करताय?"

"पाणी मारतोय की. आज सोळावा दिवस." त्यांनी झारी खाली ठेवली नाही. "दोन आठवडे वाट बघितली, तुमचा तो माणूस पाणीच मारत नाही बघ. वर ताडपत्री घालून ठेवलीया. फुकटचा पाऊस पडतोय, तोही भिंतीला लागू देत नाही. आणखी पाच दिवस, एकवीस झाले की बिनघोर."

आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं की नवी सिमेंटची भिंत पाण्याशिवाय पोसत नाही. ज्याने पाणी मारलं नाही त्याची भिंत भेगाळते आणि त्याची अब्रू जाते. सगळी चूक माझ्या त्या एका वाक्याची होती. आणि अण्णांचा चेहरा इतका समाधानी होता की मला रडू यायला लागलं. मी "चहा टाकते" म्हणून आत गेले.

नवऱ्याला उठवून सांगितलं. तो हसता हसता पलंगावरून खाली सरकला आणि जमिनीवर बसून हसत राहिला. मला हसू येत नव्हतं. अण्णांना सांगावं तर ते मोडून पडतील, न सांगावं तर भिंत सडेल. आणि मध्ये एक निरपराध सुतार होता, ज्याची मी सात ओळींत शोभा केली होती. आधी त्याला फोन लावला, कारण ते त्यातल्या त्यात सोपं होतं.

माफी मागून झाल्यावर सगळं सांगितलं.

"युअर फादर," तो हळूच म्हणाला, "इज वॉटरिंग द वॉल."

"येस."

"इन केरी."

"इन केरी," मी म्हटलं.

मग म्हणाला, ट्यूजडेला येतो. आणि मंगळवारी तो खरंच आला. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

तोपर्यंत मी अण्णांना काही ना काही सांगून झारीपासून लांब ठेवलं होतं. गुडघे, थंडी, नळाचं पाणी गार. सुतार आला, मला काही बोलू न देता थेट अण्णांकडे गेला आणि ते यंत्र त्यांच्या हातात दिलं. मग लाकूड दाखवलं, टाचण्या कशा टोचायच्या ते खुणेने दाखवलं. अण्णांनी वर मोजलं. सतरा. खाली मोजलं. एकतीस. जिथे टॉवेल खोचले होते बरोबर तिथे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, तीसच्या पुढे. पाणी कुठून कुठे जातं हे बघण्यात ज्या माणसाचा जन्म गेला त्याला आणखी काही सांगावं लागलं नाही. त्यांनी बोर्डाची कड बोटाने चाचपली, मागचं लाकूड चाचपलं. यंत्र परत दिलं.

दुपारी त्यांनी सगळे टॉवेल धुतले, वाळवले, कडेला कड जुळवून घड्या केल्या आणि हॉट प्रेसमध्ये ठेवले. रात्री जेवायला बसले ते अर्धी भाकरी टाकून उठले. म्हणाले, "अलीकडचं तिकीट मिळतंय का बघ."

मला वाटलं होतं की मी अशा वेळी काहीतरी समजूतदार बोलेन. इस्पितळात नातेवाइकांशी बोलते तसं, आवाज खाली ठेवून. त्याऐवजी मी ताटावरून उठले आणि ओरडलेच.

"काही तिकीट मिळत नाही. खोटं मी बोलले. सिमेंटची म्हणून मी सांगितलं, तुम्हाला चिक्की आवडली नाही म्हणून. आणि भिंत तुम्ही भिजवलीत. आता ती वाळवल्याशिवाय या घरातून कुठे जायचं नाही."

मुलगी वरण-भात खायची थांबली. नवरा तक्ता शोधत असल्यासारखा टेबलाखाली बघू लागला. अण्णा माझ्याकडे बघत राहिले. लहानपणी मी परातभर पाणी कालव्याच्या नकाशावर सांडलं होतं, तेव्हा ते माझ्यावर जे ओरडले होते त्यातला सूर माझ्या आवाजात होता, हे मला बोलून झाल्यावर कळलं. त्यांनी पुन्हा पाटावर बसावं तशी खुर्ची पुढे ओढली.

"किती दिवस लागतील म्हणाला तो?" त्यांनी विचारलं आणि उरलेली भाकरी मोडली.

तिथून पुढे त्या भिंतीला जे पहारेकरी लाभले तसे मंत्र्यालाही लाभत नसतील. वारा सुटला की अण्णा ताडपत्री उघडायचे, आभाळ भरलं की झाकायचे. गच्चीवर पापड घातलेली बाई जशी एक डोळा ढगाकडे ठेवून असते, तसे ते दिवसभर असायचे. केरीचं आभाळ तासाला चार रंग बदलतं, म्हणजे बिचाऱ्यांची किती धावपळ. आतून पंखा लावला, हवेतला दमटपणा ओढणारं यंत्र भाड्याने आणलं, त्यातलं पाणी ते स्वतः मोजून ओतून द्यायचे. नातीच्या शाळेच्या वहीत रकाने आखून त्यांनी रोजचा ओलावा लिहायला घेतला. तारीख, वेळ, जागा, आकडा, शेरा. शेऱ्यात बहुतेक "भुरभुर" असायचं.

आणि त्यांनी सुताराकडून सही घ्यायला सुरुवात केली. खात्यात जशी मोजमापाच्या पुस्तकावर घेतात तशी. सुतार आला की अण्णा वही उघडून त्याच्यापुढे धरायचे, आजचा आकडा दाखवायचे आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवायचे. तो पहिल्यांदा गोंधळला. मग निमूट सही करू लागला. दोघांना एकमेकांची भाषा धड कळत नव्हती, पण एकमेकांचे आकडे कळत होते. पुढचा मंगळवार कोणता हेही अण्णा वहीत तारखेनिशी लिहून घ्यायचे, आणि लिहिलेल्या तारखेपुढे तो माणूस हतबल व्हायचा. मला सहा महिन्यांत जे जमलं नव्हतं ते त्यांनी एका बॉलपेनाने केलं. युअर मॅन इज अ टेरर, असं तो अण्णांबद्दल मला म्हणाला. इथे हे कौतुक असतं.

अठ्ठावीस, पंचवीस, मग बरेच दिवस तेवीस. तेवीसला भिंत अडून बसली तेव्हा अण्णा तिच्याशी बोलायला लागले. ज्या दिवशी शेवटच्या कोपऱ्यात एकोणीस आला, त्या दिवशी त्यांनी सुताराला फोन लावायला सांगितला, मंगळवार नसताना. तो आला. कापड चढलं, त्यावर पट्ट्या आल्या. आतून ऊब धरणाऱ्या लोकरीचा थर आणि पातळ भिंती लागल्या. रंग नाही, दाराला कडी नाही, बल्ब वायरीला लोंबकळतोय अशा त्या खोलीत अण्णा शेवटचे चार दिवस झोपले.

तिथेही सकाळी वळकटी दिसली. पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. खोली झाली होती, पण मला जे हवं होतं ते झालं नव्हतं. कदाचित माणसाच्या सवयीपुढे खोलीचं काही चालत नसावं, अशी मी मनाची समजूत घातली.

चौथ्या दिवशी पहाटेच निघायचं होतं. शॅननच्या विमानतळावर, सामान देऊन झाल्यावर, अण्णांनी पिशवीतून ती वही काढून माझ्या हातात ठेवली. म्हणाले, "कुठलंबी काम झालं की एक पावसाळा जाऊ द्यायचा असतो. त्यानंतर पाहणी करायची. तोवर काम पुरं झालं असं धरत नाहीत."

"अण्णा, इथे पावसाळा संपतच नाही."

त्यांनी काचेतून बाहेर बघितलं. बाहेर अर्थातच भुरभुर होती. "मग काय," ते जरा वैतागून म्हणाले, जसं काही हे ओझं मीच त्यांच्या गळ्यात मारलं होतं, "दरवर्षी यावं लागणार."

मी त्यांच्या पाया पडले, कारण वर बघितलं असतं तर तिथेच रडले असते.

घरी येईपर्यंत दहा वाजून गेले होते. वही नव्या खोलीच्या खिडकीत ठेवावी म्हणून आत गेले. पलंगावर चादर चुरगळलेली होती, पांघरूण एका बाजूला भिरकावलेलं, उशी भिंतीला टेकवून उभी. गडबडीत राहिलं म्हणावं, तर हे गृहस्थ पहाटे चारला उठून दाढी करून माझ्याही आधी तयार होऊन बसले होते. बरंच काही करायला त्यांच्याकडे वेळ होता.

संध्याकाळी मुलीने विचारलं, अण्णांचा बेड कधी आवरायचा. मी म्हटलं, ट्यूजडेला.